जुनी सायकल खोलताय? आधी या चुका टाळा

आजोबांची रॅले किंवा हंबर माळ्यावरून खाली आली की घरातल्या कोणाचे तरी हात शिवशिवायला लागतातच, आणि ते चांगलंच आहे, कारण या सायकली शोकेसमध्ये ठेवायच्या नाहीत, रस्त्यावर चालवायच्या आहेत. पण माझं एक ठाम मत आहे. या सायकली गंजाने जेवढ्या वाया जात नाहीत तेवढ्या जबरदस्तीने बसवलेल्या चुकीच्या पार्टने वाया जातात. तुमच्या आधी तीस-चाळीस वर्षं तिला कितीतरी हात लागलेले असतात, कोणी कुठला पार्ट कुठे घातलाय ते वरून दिसत नाही, त्यामुळे पाना लावायच्या आधी समोर नेमकं काय आहे ते ओळखायचं.

सगळ्यात जास्त घोळ बॉटम ब्रॅकेटमध्ये होतो, म्हणजे पेडलची धुरा फ्रेममध्ये जिथे फिरते तिथे. तिच्या दोन्ही बाजूंना छर्रे धरणारा एकेक आट्यांचा कप असतो. ब्रिटिश सायकलचा उजवा कप, म्हणजे चेनव्हीलच्या बाजूचा, उलट्या आट्यांचा असतो, तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसलं की माणूस सवयीप्रमाणे उलटा जोर लावत बसतो, कप आणखी घट्ट होतो, मग पान्याला पाइप जोडला जातो आणि कपाची कड तुटते. डाव्या पेडलचंही तसंच, त्याचे आटे उलटे. आणि हा नियम सगळीकडे लागू होतो असंही समजू नका, जुन्या फ्रेंच प्यूजोला बहुतेक वेळा दोन्ही कप सुलट्या आट्यांचे असतात.

याहून चक्रावणारा प्रकार म्हणजे कप अगदी बरोब्बर मापाचा दिसतो, दोन-तीन आटे हाताने छान बसतो आणि मग अडकतो. लोकांना वाटतं आत गंज असेल, जरा तेल सोडा आणि लावा जोर! थांबा. इंग्लंडमध्ये बहुतेक कंपन्या इंचाला २४ आटे ठेवायच्या पण नॉटिंगहॅमच्या रॅलेने स्वतःचे २६ ठेवले, व्यास जवळजवळ सारखाच, त्यामुळे २४ चा कप २६ च्या शेलमध्ये, म्हणजे कप बसतो त्या फ्रेमच्या नळीत, सुरुवातीला मुकाट जातो आणि पुढे शेलचे आटे खाऊन टाकतो. बरं, हे फक्त ‘रॅले’ लिहिलेल्या सायकलपुरतं नाही. रॅलेने हंबर हे सायकलींचं नाव १९३२ मध्ये विकत घेतलं, रज १९४३ मध्ये, बीएसएच्या सायकली १९५७ मध्ये. त्यानंतर नॉटिंगहॅमला बनलेल्या सायकलवर बिल्ला कुठलाही असो, आत रॅलेचे आटे निघू शकतात. म्हणजे एक १९३० च्या आधीची हंबर आणि एक १९५० नंतरची हंबर, दोघींना एकच कप चालेल असं गृहीत धरायचं नाही. भारतात आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता, मद्रासला टीआय कंपनी हर्क्युलस बनवायची, त्यामुळे इथल्या आणि तिकडच्या पार्टची सरमिसळ तर ठरलेलीच.

तपासायचं कसं? थ्रेड गेज, म्हणजे आटे मोजायची दातेरी पट्टी, असेल तर उत्तमच. नसेल तर जुना निघालेला कप आणि दुकानातून आणलेला नवा कप घ्या, दोघांचे आटे एकमेकांत बसतील असे बाजूबाजूला टेकवा आणि उजेडाकडे धरा. आटे सारखे असतील तर दात एकमेकांत पूर्ण जातात, फट राहत नाही, वेगळे असतील तर एका टोकाला बसतात आणि दुसऱ्या टोकाला उजेड दिसतो. मिनिटभराचं काम आहे. आणि जुना कप जरा झिजलेला असला तरी फेकू नका, नवे पाव इंची छर्रे, एका बाजूला अकरा, भरपूर ग्रीस, आणि तोच कप परत. जुन्यातले चार बरे दिसणारे छर्रे नव्यात मिसळू नका, झिजलेला छर्रा बारीक असतो, मग सगळा भार नव्यांवर येतो.

आता कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पेडलचा दांडा) धुरेवर पक्का धरणारी खीळ. नट काढला आणि हातोडीने हाणली, ही पद्धत गल्लोगल्ली चालते पण क्रँकला खालून आधार नसेल तर प्रत्येक घाव थेट छर्ऱ्यांवर जातो, कपात खड्डे पडतात आणि सायकल जोडून झाल्यावर पेडल मारताना खरखर लागते तेव्हा कोणालाच कळत नाही की कालपर्यंत गुळगुळीत चालणारं हे आज असं का. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाका, क्रँकच्या खाली जमिनीपर्यंत टेकेल असा जाड लोखंडी पाइप धरा म्हणजे घाव जमिनीत जाईल, नट आट्यांच्या टोकापर्यंत सैल करून तसाच ठेवा म्हणजे आटे चेपणार नाहीत. कॉटर दाबून काढायचा प्रेस मिळाला तर हातोडीचं नावच काढू नका.

बसवतानाची गंमत वेगळी. नवं कॉटर घातलं, सायकलवर बसलो की दोन पेडल एका रेषेत नाहीत, एक पुढे एक मागे, पाय विचित्र पडतात आणि लोक थेट निष्कर्ष काढतात की क्रँक वाकला, फ्रेम गेली. बहुतेक वेळा दोन्ही कॉटर एकाच बाजूने घातलेली असतात, बस. उजवा क्रँक पुढे आडवा धरा, नट वर दिसतोय की खाली ते बघा, मग अर्धा फेरा फिरवून डावा क्रँक तसाच पुढे आणा, त्याचाही नट त्याच बाजूला दिसायला हवा. तरीही थोडा फरक राहिला तर दोन पिनांचे उतार वेगळे आहेत, बाजारातल्या पिनांमध्ये हे सर्रास होतं, कानशीने घासून जुळवावं लागतं. आणि दर फेऱ्याला एकदाच टक्क आवाज येत असेल तर आधी कॉटर बघा, नंतर बाकीचं.

आता मागच्या चाकाच्या मधोमध असलेला स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब, मॉडेल एडब्ल्यू. याला लोक विनाकारण घाबरतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे या हबला एक न्यूट्रल जागा असते, केबल जराशी चुकीची लागली की उभं राहून जोर मारताना पेडल एकदम मोकळं फिरतं आणि माणूस दांडीवर आपटतो. हब खराब नाहीये हो! लिव्हर दुसऱ्यावर ठेवा, उजव्या लांब नटाच्या भोकातून आत बघा, केबलला जोडलेल्या छोट्या साखळीच्या दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत आला पाहिजे, तेवढं केबलवर जुळवा. ती साखळी आत पूर्ण फिरवून मग जास्तीत जास्त अर्धा फेरा मागे घ्यायची, अर्धवट फिरवलेली साखळी ताणाखाली तुटते. एक्सलवरचे खाचेत बसणारे वॉशर हरवले असतील तर साधे वॉशर घालून चालवू नका, एक्सलच फिरायला लागतो. आणि हबमध्ये पातळ तेल घालायचं, ग्रीस ठासलं की आतले कुत्रे, म्हणजे दातांत अडकणारे खटके, चिकटतात आणि गिअर सुटतो.

बऱ्याच हबवर मॉडेलच्या नावाजवळ वर्षाचा आकडा ठोकलेला असतो, ५३ म्हणजे १९५३. पण ते हबचं वर्ष, सायकलचं नव्हे, चाक कधीही बदललेलं असू शकतं. ते बघून सायकल ‘१९५३ ची’ म्हणून विकू नका.

टायरचं माप नुसतं ‘२८ चा’ किंवा ‘२६ चा’ सांगून आणू नका, टायरवर छापलेला मिलीमीटरचा आकडा वाचा. रॉड ब्रेकवाल्या (तारेऐवजी दांड्यांनी लागणारा ब्रेक) सायकलच्या २८ × १½ ला ६३५ लागतो, दुकानदार ७००सी देतो तो ६२२, चढणारच नाही. २६ × १⅜ ला ५९०, आणि माउंटन बाइकचा २६ म्हणजे ५५९. २६ × १¼ पुन्हा वेगळा, ५९७, तो ५९० च्या रिमवर सहज बसतो आणि हवा भरल्यावर निसटतो.

हँडल निघत नसेल तर मधला बोल्ट चार आटे सैल करून त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून ठोका, आतली पाचर खाली पडली की हँडल सुटतं. बोल्ट पूर्ण काढून हँडल पिळत बसलात तर पाचर आतच राहते.

सीटच्या पाइपात काय काय निघतं! कुंभारमाशीचं मातीचं घर, गंजाचा भुगा, आणि सगळ्यात नेहमीचं म्हणजे पत्र्याची किंवा वर्तमानपत्राची गुंडाळी. ती गुंडाळी कचरा नव्हे, सीटपोस्ट चुकीच्या मापाचा आहे याचा पुरावा आहे, तेव्हा पाइपाचं माप घेऊन योग्य पोस्ट शोधा. जुना म्युनिसिपालटीचा टॅक्सचा बिल्ला सापडला तर तो जपून ठेवा, त्यावर वर्ष असलं तर सायकल निदान तेव्हा रस्त्यावर होती एवढं तरी पक्कं होतं. फ्रेम सँडब्लास्टिंगला द्यायच्या आधी सीटजवळचा नंबर आणि सोनेरी रेघांचे फोटो काढा, थिनर तर लावूच नका, रेघा आणि अक्षरं पुसून जातात. मूळ पार्ट कसे दिसायचे हे बघायचं असेल तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल म्युझियम आहे, एकदा नीट वेळ काढून जा.

डायनोहब, म्हणजे चाकाच्या हबमध्येच बसवलेला दिव्याचा डायनामो, असेल तर एक कडक सूचना. दिवा मंद लागतो म्हणून उत्साहाने हब उघडून चुंबक बाहेर काढून पुसू नका, कीपरची लोखंडी रिंग न लावता चुंबक आर्मेचरपासून (तारेच्या वेटोळ्याच्या भागापासून) वेगळं केलं की त्याची शक्तीच उतरते आणि मग दिवा आधीपेक्षाही मंद. आधी बाहेरून दोन्ही टर्मिनल घासा, वायर बदला, आणि बल्ब बघा, सहा व्होल्टच्या या हबला कोणीतरी जास्त वॅटचा बल्ब लावून ठेवलेला असतो.