दारू सोडताना सोबत कशी मिळवावी

दारू सोडणाऱ्याला सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. कुणी मन खंबीर करायला सांगतो, कुणी देवळात नेऊन शपथ घ्यायला लावतो, तर कुणी घरच्यांच्या हाती चहातून गुपचूप द्यायची पुडी ठेवतो. यांतला पुडीचा सल्ला सरळ जिवावर बेतणारा आहे. पुडीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असेल आणि ते पोटात असताना माणूस प्याला, तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. म्हणूनच डॉक्टर हे औषध रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच देतात. मी लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानावर मुनिमी करीत आलो आहे. दारू मी चार वेळा सोडली. पहिल्या तीन वेळा एकट्याने सोडली आणि तिन्ही वेळा पुन्हा धरली. चौथ्यांदा सोबत घेऊन सोडली, त्याला आता अकरा वर्षे झाली. ही सोबत कशी मिळवायची आणि मिळाल्यावर ती वापरायची कशी, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आरंभ डॉक्टरांपासून करावा. जो रोज आणि भरपूर पितो, त्याने घरी बसून एकाएकी दारू तोडू नये. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा तासांपासून थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत; तिथे जाऊन किती पितो ते खरे सांगावे. 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहे.

त्यानंतर मीटिंग शोधावी. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ज्याला सगळे नुसते ‘ए.ए.’ म्हणतात, ही 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून सुरू झालेली, दारू सोडणाऱ्यांनी एकत्र बसून एकमेकांना आधार देण्याची चळवळ आहे. तिथे फी नाही, आडनाव विचारले जात नाही, आणि सदस्य होण्यास दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. मीटिंगचा दिवस आणि जागा मानसोपचार विभागात किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारल्यास कळते. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट असतो. पत्नीला आपल्या मीटिंगमध्ये ओढत नेण्यापेक्षा तिला तिकडे जाऊ द्यावे.

तालुक्याच्या गावात माणसाची ओळख त्याच्या मोटारसायकलवरूनही पटते, त्यामुळे लाज वाटते, हे मी नाकारत नाही. लाज वाटत असेल तर पहिल्या चार मीटिंगा शेजारच्या जिल्ह्यात कराव्यात. मी तेच केले. दोन तास एस.टी.त बसून परक्या गावी गेलो, तर पहिल्याच बाकावर आमच्या मोंढ्यातला एक खरेदीदार बसलेला दिसला. तो कित्येक वर्षांपासून पीत नव्हता आणि त्याच्याशी रोज सौदे करणाऱ्या आम्हा कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

इथवरचे सगळे सोपे आहे. मीटिंगला जाणे, चहा घेणे, इतरांचे ऐकणे, आपली पाळी आल्यावर चार वाक्ये बोलणे, हे कुणालाही आठवडाभरात जमते. जे जमत नाही, आणि ज्याविषयी कुणी नीट सांगत नाही, ते म्हणजे पिण्याच्या आधी फोन करणे. प्यायल्यानंतर फोन सगळेच करतात. रात्री अकरा वाजता रडत, माफी मागत, पुन्हा शपथा घेत केलेले ते फोन ऐकणाऱ्याच्याही कामाचे नसतात आणि करणाऱ्याच्याही.

माझी गोष्ट सांगतो. चौथ्या खेपेला, मीटिंगा सुरू होऊन पाच आठवडे झाले होते. सोयाबीनचा हंगाम होता, दिवसभर काट्यावर उभे राहून पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या पावत्या, लिहिल्या होत्या आणि दुपारचे जेवण राहून गेले होते. एका कोऱ्या पट्टीच्या मागे गटातल्या सहा जणांचे नंबर लिहून ती घडी मी खिशात ठेवली होती. दुकान बंद करून निघालो आणि पाय आपोआप देशीच्या दुकानाकडे वळले. काउंटरवर द्यायला शंभराची नोट काढली, तर तिच्याबरोबर ती घडीही बाहेर आली. मी नंबर वाचले, सहाही वाचले, घडी पुन्हा खिशात सरकवली आणि चपटी घेतली. मदत खिशात होती. मागता आली नाही. ‘एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाला कशाला त्रास द्यायचा’, हे त्या क्षणी मला सभ्यपणाचे वाटले होते. तो सभ्यपणा नव्हता. माझ्या पिण्याने तोंडाला लावलेले ते कुलूप होते, आणि ते मला दुसऱ्या दिवशी त्याच खरेदीदाराने दाखवून दिले.

त्याने मला रागावून काही सांगितले नाही. पंधरा दिवस रोज संध्याकाळी साडेसहाला, पिण्याची इच्छा असो वा नसो, त्याला फोन करायचा, एवढेच काम दिले. मला ते पोरकट वाटले. पहिले तीन दिवस मी ‘मामा, बरं हाय’ म्हणून फोन ठेवला. पण नवव्या दिवशी खरोखर डोके फिरले तेव्हा बोट आपसूक त्या नंबरावर गेले, कारण तोवर त्या बोटाला सवय लागली होती. म्हणून माझा आग्रह असा की फोनची तालीम गरज नसतानाच करावी. गरज पडेल तेव्हा करू म्हणणारा माणूस गरज पडल्यावर करीत नाही. अशी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

फोनवर काय बोलायचे तेही आधी ठरवून ठेवावे. प्रस्तावना नको. ‘मामा, प्यावं वाटायलंय, चौकात उभा हाय’, एवढे एक वाक्य पुरते. समोरचा जाणता असेल तर तो उपदेश करणार नाही. तो विचारील, ‘जेवलास का? तिथून निघ, चालत चालत बोल.’ जेवणाचा प्रश्न उगाच नसतो. रिकाम्या पोटी, रागात, थकव्यात आणि एकटेपणात ही ओढ जोर करते. भाकरी पोटात गेली आणि अर्धा तास निघून गेला, की बहुतेक वेळा लाट ओसरते. पहिल्याने फोन उचलला नाही तर दुसऱ्याला लावावा, म्हणून नंबर एक नव्हे, पाच-सहा हवेत. पुरुषाने पुरुषाचा आणि बाईने बाईचा नंबर घ्यावा, ही जुनी रीत मोडू नये. पत्नीला किंवा आईला मात्र या यादीत कधीही घालू नये. तिने इतकी वर्षे सोसले आहे. ‘प्यावं वाटायलंय’ हे शब्द तिच्या कानावर पडले की तिचा धीर सुटतो, मग आपण तिला सांभाळत बसतो आणि मूळ काम बाजूला राहते.

आपल्याकडे बरेच जण माळ घालून दारू सोडतात. माळेबद्दल मला आदर आहे, माझ्या वडिलांच्याही गळ्यात होती, आणि भजनी मंडळात बसल्याने संध्याकाळचे दोन तास सुखरूप जातात हे मी जाणतो. अडचण एवढीच की माळकरी घसरला तर तो विठ्ठलाचा गुन्हेगार झाल्यासारखा तोंड लपवतो आणि मंडळातही फिरकत नाही. त्याने माळ ठेवावी आणि मीटिंगही ठेवावी. मीटिंगमध्ये घसरलेल्याला पुन्हा बसायला जागा असते, फक्त त्या दिवशी दारूच्या अमलात असेल तर त्याने बोलू नये, ऐकावे.

गावाजवळ मीटिंगच नसेल तर मोबाइलवरून होणाऱ्या मीटिंगांना बसावे. दोघे-तिघे पिणारे दारू सोडण्यासाठी एकत्र जमले तरी तो गट होतो, असे ए.ए.च्या परंपरेतच म्हटले आहे, तेव्हा शाळेच्या खोलीत दोन सतरंज्या टाकूनही सुरुवात करता येते. वार आणि वेळ मात्र बदलू नये. पोळा असो की दसरा, तीच वेळ.

वर्षभरानंतर फोन आपल्याला येऊ लागतात. दिवसा आलेला फोन घेऊन बोलत राहावे. प्यायलेला माणूस रात्री ‘घ्यायला या’ म्हणाला तर एकट्याने जाऊ नये, गटातला आणखी एक सोबती घ्यावा, आणि त्या माणसाशी खरे बोलणे दुसऱ्या दिवशी सकाळी, तो शुद्धीवर असताना, चहाच्या टपरीवर करावे.