कोर्नील्याला जायचं तर मुक्कामालाच जा

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे म्हणून ओळखली जाणारी पाच गावं आहेत. आपली बरीच मंडळी फ्लॉरेन्सहून सकाळी निघतात, पाचही गावांत उतरून फोटो काढतात आणि रात्री परत येतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, तसं करू नका. मधलं, तिसरं गाव कोर्नील्या. पाचांतलं हेच एक गाव समुद्राला टेकलेलं नाही, शंभरेक मीटर उंच कड्यावर बसलंय. प्रवासी बोट इथे थांबत नाही, त्यामुळे झुंडीही कमी. मी आणि हे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे तीन रात्री राहिलो. त्या अनुभवावरून लिहिते.

आधी तयारीचं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. राहायला जुन्या घरांतल्या खोल्या मिळतात. बुकिंग करताना एकच प्रश्न नक्की विचारा: घरात किती जिने चढायचे? आम्ही विचारला नव्हता. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर निघाली, जिना एका माणसापुरता, आणि यांचा गुडघा आधीच दुखरा. मोठी ट्रॉली बॅग घेऊन जाल तर तिला कडेवर घ्यावं लागेल. पाठीवरची एक सॅक पुरे.

मिलानहून ला स्पेत्सियाला रेल्वेने तीन तासांच्या आसपास लागतात. तिथून लोकल गाडी धरायची. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या कोर्नील्याला थांबत नाहीत, म्हणून फलाटावरची थांब्यांची यादी वाचूनच चढा. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड बसतो. रोज दोनतीनदा फिरणार असाल तर राष्ट्रीय उद्यानाचं ट्रेनवालं कार्ड घ्या. त्यात ला स्पेत्सिया ते लेवान्तोपर्यंतच्या लोकल गाड्या, गावातली छोटी बस आणि पैसे भरून चालायच्या पायवाटा, सगळं येतं.

स्टेशन खाली, गाव वर. मध्ये लार्दारिना हा विटांचा जिना: 33 टप्पे, पावणेचारशेहून जास्त पायऱ्या. बस आहे, तिच्याने जायला काहीच कमीपणा नाही. हे बसने गेले, मी चढले. प्रत्येक वळणावर अर्धा मिनिट थांबलात तर दम लागत नाही, आणि दर थांब्याला समुद्र थोडा अधिक रुंद झालेला दिसतो. दुपारी बाराला मात्र चढू नका, सावली फार कमी.

वर आल्यावर गाव पाहायला अर्धा तास पुरतो, आणि म्हणूनच राहायचं. संध्याकाळी सहाच्या पुढे दिवसापुरते आलेले लोक गाड्या धरायला उतरतात आणि फिएस्की या मुख्य गल्लीत पावलांचा आवाज ऐकू यायला लागतो. गल्ली इतकी अरुंद की समोरून कोणी आलं तर खांदा वळवावा लागतो. चौकातल्या बाकांवर गावातली म्हातारी माणसं येऊन बसतात. आपणही बसावं, आधी 'बुओनासेरा' म्हणावं. दुसऱ्या दिवशी तीच माणसं आपणहून मान हलवतात. गल्लीच्या टोकाला सांता मारियाचा सज्जा आहे, खाली सरळ कडा आणि पाणी. सूर्यास्ताला तिथे जागा धरून ठेवा. सान पिएत्रोचं चर्च 1334 सालचं आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवरचं पांढऱ्या संगमरवराचं गोल जाळीदार गवाक्ष सकाळी शांतपणे बघा.

आता खाणं. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही. फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, मोठ्या ताटात भट्टीत भाजलेलं. चवीला पाटवडी आणि धिरडं यांच्या मधलं. गरमच खा, वरून मिरपूड. पेस्तो म्हणजे बेसिलच्या पानांची हिरवी चटणी. त्यातला पास्ता बटाटा आणि फरसबी घालून देतात, तो यांनी तिन्ही दिवस खाल्ला. पेस्तोतलं पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अँचोव्ही हे छोटे मासे कशातही असू शकतात, म्हणून मागवतानाच 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे' म्हणा: मांस नको, मासे नकोत. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी एकदोन युरो दिसतील. ती बसण्याची आकारणी, फसवणूक नव्हे.

एक सकाळ वेर्नात्सा या शेजारच्या गावाच्या पायवाटेसाठी ठेवा. साधारण चार किलोमीटर, आमच्या चालीने दोन तास. चपला किंवा सपाट तळाच्या सँडल घालून गेलात तर दंड होऊ शकतो, आणि तो रास्तच आहे. ओल्या दगडावर पाय सटकला तर खाली थेट उतार. पावसाचा इशारा असेल तर वाटा बंद करतात, तेव्हा स्टेशनवरच्या उद्यानाच्या कार्यालयात आधी चौकशी करा. 25 ऑक्टोबर 2011 च्या पावसात वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही गावं चिखलाने भरली होती.

या वाटेवर बघायचं ते गडगे, म्हणजे नुसते दगड रचून केलेले बांध. माझं माहेर गुहागरजवळचं. आमच्या वाडीचा गडगा दर पावसाळ्यात कुठेतरी ढासळायचा आणि दिवाळीनंतर आजोबा तो पुन्हा रचायचे. इथे अख्खा डोंगर तसाच, चुना-सिमेंटाशिवाय रचलेल्या दगडांच्या पायऱ्यांवर द्राक्षांचे मळे. प्रेव्हो या वाटेवरच्या वस्तीच्या अलीकडे एक आजोबा पडलेला भाग बांधत होते. दगड हातात घ्यायचा, दोनदा फिरवायचा, चांगलं तोंड बाहेर ठेवून बसवायचा. मागच्या पोकळीत बारीक खडी आणि कपच्या दाबून भरायच्या, म्हणजे पाणी झिरपून जातं आणि भिंतीवर भार येत नाही. अगदी आमच्या आजोबांची पद्धत. मी थांबून बघत राहिले, तेव्हा त्यांनी बोटाने एक दगड दाखवला. मी उचलून दिला. त्यांनी तो हातात तोलला, मान हलवून नको म्हटलं आणि दुसरा दाखवला. तो बसला. मग पाचसहा दगड तरी मी दिले. बोलणं काहीच झालं नाही.

हे गडगे कोणी बांधेनासं झालं की डोंगर खाली येतो. मळे सोडून दिले तिथे दरडी कोसळतात. चिंक्वे तेर्रे 1997 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेही माणसांनी घडवलेल्या याच उतारांमुळे. म्हणून गडग्यावर बसू नका, फोटोसाठी चढू नका, वाट सोडून मळ्यात शिरू नका. आणि शक्य असेल तर त्या मळ्यांतलं काहीतरी विकत घ्या. शाक्केत्रा ही गोड वाइन द्राक्षं सावलीत जवळजवळ मनुका होईपर्यंत वाळवून करतात. बाटली महाग, पण लहान पेला परवडतो. वाइन पीत नसाल तर इथला मध घ्या.

परतीच्या दिवशी स्टेशनवर जायला पाऊण तास हाताशी ठेवा. बसमध्ये जागा नसली तर जिना उतरावा लागतो, आणि दुखऱ्या गुडघ्याला चढणापेक्षा उतार जड जातो. यांनी कठडा धरून, प्रत्येक टप्प्यावर थांबत उतरून दाखवलं, आणि गाडी यायला तरीही दहा मिनिटं होती.