अकाउंटंट ठेवताना मी काय बघते

भोसरीत कंपनी काढली तेव्हा पगार कमी म्हणून एकाला ठेवलं. टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर) हात बसलेला, पण आयएनसी-२०ए, म्हणजे धंदा सुरू केल्याचं सरकारला कळवायचा फॉर्म, कंपनी नोंदवल्यापासून १८० दिवसांत भरायचा हे त्याच्या गावीही नव्हतं. (खरं तर माझ्याही!) त्यापायी कंपनीला दंड ५०,००० रुपये.

आता मुलाखतीला वीस बिलं पुढ्यात टाकते, टॅलीत चढवायला. त्यात एक चाकणच्या दुकानाचं, जीएसटी नंबर मात्र २४ ने सुरू होणारा. "ताई, हा गुजरातचा कोड, आपला २७," असं जो म्हणेल, तो आपला. मग टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून ठेवलेला कर, भरायची तारीख विचारायची. उत्तर सात यायला हवं.

ऑडिटर वेगळाच हवा, कायद्याने त्याला आपली वही लिहिता येत नाही. सरकारी पोर्टलवर मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. आमचा ओटीपी, नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे दोन महिने जात होता.