टेगूचं बीळ सारखं ढासळत होतं, ते कसं थांबलं (माझा अनुभव)

आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमधला अर्जेंटिनाचा टेगू, म्हणजे बीळ खणणारा मोठा सरडा (परिवेश या सरकारी पोर्टलवर रीतसर नोंदवलेला, आपली घोरपड पाळणं मात्र कायद्याने गुन्हा आहे) रोज खणायचा आणि बीळ लगेच खचायचं. बिळाचा ओलावा मिळत नसल्याने बोटांवरची कात सुटेना. नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वाळलं की धूळ होते. नुसत्या वाळूत बीळ धरतच नाही. झाडाच्या सालीच्या तुकड्यांत पोकळी टिकत नाही. त्याला उघड्यावर झोपलेलं बघून जीव तुटायचा.

जमलं ते असं. घोडबंदर रोडच्या नर्सरीतून लाल माती आणली, खत न मिसळलेली. हे विकणाऱ्याला दोनदा विचारा. चाळून घेतली. 6 घमेली मातीला 4 घमेली धुतलेली बारीक वाळू घेतली आणि थोडं थोडं पाणी घालत कालवली. मूठ आवळली की गोळा व्हावा, टोचला की फुटावा, बोटांतून पाणी टपकू नये. जड दगड आधी त्याच्या पेटीच्या थेट तळावर बसवले, म्हणजे खणताना ते त्याच्या अंगावर येत नाहीत. मग 4-4 इंचांचे थर, प्रत्येक थर तळहाताने घट्ट दाबत, दीड फुटापर्यंत. शेवटी एका दगडाच्या कडेला हातानेच तिरकं भोक पाडून दिलं; पुढचं त्याने खणलं.

नुसतं वरून फवारू नका, पाणी कोपऱ्यात ओता. खालचे थर ओलसर राहतात. पावसाळ्यात ओतणं कमी करा, नाहीतर बुरशी धरते. ओली माती फार जड होते, पेटी भिंतीलगतच ठेवा.

बीळ आता टिकलंय, कात बोटांच्या टोकापर्यंत उतरली.