पडीक सोडलेल्या शेतातला सेंद्रिय कर्ब मोजताना या चुका टाळा

कसणं थांबवून शेत गवता-झुडपांना सोडलं की मातीत सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-मुळांतला कार्बन) साठू लागतो. साठण्याचा वेग मात्र इतका मंद असतो की मोजणीतली छोटी चूकही त्याच्यापेक्षा मोठी ठरते.

नुसत्या टक्क्यावर विसंबू नका. हिशोब असा: हेक्टरी कर्ब (टन) = कर्बाचा टक्का × स्थूल घनता (एक घन सेंमी वाळलेल्या मातीचं वजन, ग्रॅममध्ये) × खोली (सेंमी). समजा, नांगरलेल्या शेतात कर्ब ०.६० टक्के, घनता १.२० आणि खोली ३० सेंमी आहे, म्हणजे २१.६ टन. नांगर थांबला, भुसभुशीत माती बसली, घनता १.३५ झाली. टक्का तोच, तरी उत्तर २४.३ टन! हे २.७ टन खोटे आहेत, कारण त्याच ३० सेंमीत आता जास्त माती मावते. पुढे मुळांनी आणि गांडुळांनी माती मोकळी केली की उलटं होतं, खरी वाढही लपते. म्हणून दोन्ही वेळी सारख्या वजनाच्या मातीची तुलना करा. पहिल्या वेळची हेक्टरी ३,६०० टन माती दुसऱ्या वेळी २६.७ सेंमीतच भरते. त्यासाठी ०–१०, १०–२०, २०–३०, ३०–४० सेंमी असे थर वेगळे ठेवा.

घनतेसाठी ठरावीक आकारमानाची लोखंडी नळी ठोका आणि माती १०५ अंशांवर २४ तास वाळवून तोला. काळी माती ओलीत फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; त्यामुळे दोन्ही वेळा वाफशावरच मोजा. मुरमाड रानात २ मिमीवरचे खडे वजा करा. आकारमानाने २५ टक्के खडे धरायचे राहिले, तर साठा एक तृतीयांशाने फुगतो.

चुनखडीच्या जमिनीत कोरड्या ज्वलनाची पद्धत (माती जाळून निघालेल्या वायूतला कार्बन मोजणं) चुन्यातला कार्बनही मोजते. आधी आम्लाने चुना काढा, नाहीतर तो वेगळा मोजून वजा करा. भट्टीत जाळून वजनातली घट बघण्याची पद्धत काळ्या मातीत नकोच. चिकणमातीतलं बांधलेलं पाणी उडतं आणि तेही सेंद्रिय पदार्थ म्हणून धरलं जातं. वॉकली-ब्लॅक ही रसायनांनी कर्ब मोजायची पद्धत सगळा कर्ब पकडत नाही, साधारण १.३ ने गुणतात. हा गुणक अहवालात आधीच लावला आहे का, हे प्रयोगशाळेला विचाराच.

बांध, शेणखताची जुनी जागा, झाडाचा बुंधा टाळा. जागांचे अक्षांश-रेखांश नोंदवून पुढच्या वेळी तिथूनच, पण आधीच्या खड्ड्यापासून मीटरभर बाजूला नमुना घ्या.

जमिनीवरची मोठी चूक म्हणजे झाडं लावायच्या घाईत सगळं रान पुन्हा उकरणं. त्याने आतला जुना कर्ब हवेत जातो. कमी पावसाच्या माळावर मारवेल, पवन्या या गवतांची मुळंच मोठं काम करतात. त्यांना वणवा आणि अतिचराईपासून राखा.

दोन वर्षांत फेरमोजणी करून निराश होऊ नका. निदान पाच वर्षं थांबा. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८८२ च्या गव्हानंतर सोडलेल्या तुकड्यात शंभर वर्षांनंतरही कर्बाची मोजणी चालूच होती. पहिल्या नमुन्यातली थोडी वाळलेली माती बंद बाटलीत, तारीख आणि खोली लिहून जपा. पुढच्या वेळी जुनी-नवी माती एकाच प्रयोगशाळेत, एकाच दिवशी तपासून घेता येते.