कुंभार्ली घाटात गाडी तापली तेव्हा

दिवाळीत गुहागरहून परतताना पोफळी सोडलं आणि घाटाचा चढ लागला. पुढे मालट्रकची रांग, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चाललो होतो. एसीची हवा अचानक कोमट यायला लागली. दोन वळणांनंतर तापमानाचा काटा पाऊण रेषेच्या वर.

एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये निघून जाते. आईला त्रास झाला, पण काटा थांबला. रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका. आतलं उकळतं पाणी दाबाने थेट अंगावर येतं.

बॉनेट उघडलं तर पंखा गप्प. इंजिन एवढं तापलेलं असताना तो फिरायलाच हवा होता. फ्यूज काढून पाहिला, तार शाबूत. मग रिलेवर, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या स्विचवर, संशय गेला. हॉर्नच्या रिलेवर तोच नंबर होता, म्हणजे तो इथे चालला असता, पण घाटात हॉर्नशिवाय कसं चालवणार? फॉग लॅम्पचा रिलेही त्याच नंबरचा निघाला. इंजिन बंद करून तो काढला, पंख्याच्या जागी बसवला. किल्ली फिरवताच पंखा घरघरला!

अर्ध्या तासाने, गाडी निवल्यावर, टाकीतल्या कूलंटची पातळी पाहिली. ती ठीक होती. नवा रिले कऱ्हाडला मिळाला. आता एक जादा रिले आणि दोन-तीन फ्यूज डॅशबोर्डच्या कप्प्यात कायम असतात.