बादलीतली फुटपट्टी आणि सौरडाग

मोरीतल्या बादलीत फुटपट्टी बुडवून बसलेलं पाहून आजीने विचारलं, "एमएस्सी झालास ना रे?" झालो होतो, इथल्याच बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून. पण दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आठवडाभर एकच कोडं अडलं होतं.

सौरडागाचा काळा गाभा म्हणजे अंब्रा, भोवतीची रेघारेघांची झालर म्हणजे पेनंब्रा. या झालरीतला वायू बाहेरच्या दिशेने वाहतो, सेकंदाला काही किलोमीटर. जॉन एव्हरशेड यांनी 1909 साली कोडाईकनालला हे शोधलं. चुंबकीय नळीची, म्हणजे चुंबकीय बलरेषांच्या जुडग्याची, संगणकावर नक्कल करणाऱ्या माझ्या छोट्या कोडमध्ये मात्र तेजस्वी ठिपका गाभ्याकडे सरकत होता. अधिक-उण्याची चूक शोधून शोधून डोळे दुखले. चूक नव्हतीच! आतल्या पेनंब्रातले ठिपके दुर्बिणीतूनही तसेच सरकताना दिसतात.

फुटपट्टी पाण्यात तिरकी धरा आणि सरळ वर उचला. पाण्याची पातळी पट्टीला जिथे छेदते ती जागा बुडालेल्या टोकाकडे सरकते. आता पट्टीऐवजी वर येणारी नळी, बुडालेलं टोक गाभ्याच्या बाजूला. गरम वायू नळीतून वर येऊन बाहेर जातो, आणि तो जिथे वर येतो ती चमकती जागा आत सरकते. खऱ्या डागात उकळत्या वायूची आणखी बरीच गुंतागुंत असते, पण ठिपक्याची चाल म्हणजे वायूची चाल नव्हे, एवढं इथेच कळतं.

अख्खा डाग लॅपटॉपवर उभा करायला जाऊ नका; ते सुपरकॉम्प्युटरचं काम. द्विमितीय तुकडा घ्या. हे ठिपके साधारण 300 किमीचे, म्हणून ग्रिड, म्हणजे हिशेबाची चौकट, 20 किमीची. वरच्या विरळ थरात चुंबकीय लाटा सुसाट सुटतात. त्यांची गती सेकंदाला 100 किमी धरली तरी टाइम-स्टेप, म्हणजे हिशेबाची एक उडी, 0.2 सेकंदाच्या आत ठेवावी लागते (एका उडीत लाट एका चौकटीपलीकडे जाता कामा नये), म्हणजे सूर्यावरच्या दहा मिनिटांना 3000 स्टेप. ही मर्यादा मोडलीत की कोड उडालाच. मी तर कोडमधल्या तुकड्याचा तळही बंद ठेवला होता. लाटा आपटून परत येत आणि सगळा सूर्य बादलीसारखा हिंदकळे.

पडताळणीला सूर्य न्याहाळणाऱ्या जपानी हिनोडे उपग्रहाची चित्रं घ्या, फुकट मिळतात. नासाच्या एसडीओ या सूर्य-उपग्रहाच्या चित्रांत एक पिक्सेलच सुमारे 360 किमीचा, तिथे हे ठिपके हरवतात. आणि मोजण्याआधी सगळ्या फ्रेम एकमेकींवर नीट बसवा, नाहीतर दुर्बिणीची थरथर वायूच्या नावावर जमा होते.